पाठीवरचे मूल आणि घरातले मूल

साहित्यविचारात 'घरगुती' हे विशेषण आपण बहुधा उणेपणा दाखविण्यासाठी वापरतो. एखादी कथा घरगुती आहे असे म्हटले की तिचा आवाका लहान, तिचा भाव सोपा आणि तिचे मोल तात्पुरते, हे न बोलताच गृहीत धरले जाते. आईने मुलाला जवळ घेणे, मुंजीची तयारी, सणाचे हळदीकुंकू, दूरदेशी निघालेल्या मुलाला आईवडिलांनी दिलेला निरोप, या गोष्टींना आपण जीवनाचा पाया म्हणतो. मात्र वाङ्मयाचा इतिहास लिहिताना हा पाया जमिनीखालीच राहू देतो. या सवयीला हरकत घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते झाशीचे. घरगुती मायेचा विषय काढताना झाशीचे नाव सहसा कोणाला आठवणार नाही, हेच ते उदाहरण घेण्याचे कारण आहे. जेथे वीररसाने सारे आकाश व्यापले आहे, तेथेही घरातील साध्या क्षणांवाचून इतिहासाचा अर्थ पुरा लागत नाही असे दाखविता आले, तर अन्यत्र ते निराळे सिद्ध करण्याची गरज उरू नये.

झाशीच्या राणीची प्रतिमा भारतीय भाषांतील वाचकांच्या मनात एका विशिष्ट आकृतीत स्थिर झाली आहे. घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. चित्रांत, पुतळ्यांत, पाठ्यपुस्तकांत ती आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. या आकृतीतील मुलाकडे मात्र आपण फारसे निरखून पाहत नाही. बहुतेक चित्रांत ते तान्हे किंवा फार तर दोन-तीन वर्षांचे दिसते. वस्तुस्थिती अशी की आनंदराव ऊर्फ दामोदरराव यांचा जन्म १८४९ च्या नोव्हेंबरातला. एप्रिल १८५८ मध्ये राणीने झाशीचा किल्ला सोडला तेव्हा त्यांचे वय साडेआठ वर्षांच्या जवळपास होते. या वयाच्या मुलाची मुंज झालेली असते. त्याला अक्षरओळख असते, माणसांची नावे ठाऊक असतात. भीती म्हणजे काय हे त्याला कळते, आणि जे पाहिले ते पुढे आठवते. चित्रकाराने त्याचे वय कमी केले हा केवळ तपशिलाचा प्रमाद नव्हे. तान्हे मूल हे वीरमातेचे लेणे होऊ शकते. साडेआठ वर्षांचा मुलगा हा साक्षीदार असतो. प्रतीकाला लेणे हवे असते, साक्षीदाराची त्याला अडचण होते.

सुभद्राकुमारी चौहान यांच्या सुप्रसिद्ध हिंदी कवितेत बालपण येते, परंतु ते राणीचे, आणि तेही शस्त्रांच्या सोबतीने. भावी पराक्रमाची पूर्वखूण म्हणूनच ते तेथे आलेले आहे. वीरगाथेचा तो धर्मच आहे आणि त्याबद्दल कवितेला दोष देता येणार नाही. तथापि मणिकर्णिका तांबे हिच्या बालपणाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. आईचे छत्र लहानपणीच हरपले. वडील मोरोपंत यांच्यासह ती ब्रह्मावर्तास, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रितांत वाढली. तिचे जन्मवर्ष काही चरित्रकार १८३५ देतात, तर काही १८२८. विवाह १८४२ मध्ये झाला. पहिले वर्ष खरे मानले तर त्या वेळी ती जेमतेम सहा-सात वर्षांची होती, दुसरे मानले तर तेरा-चौदा वर्षांची. अभ्यासक या वादाकडे कालनिर्णयाचा प्रश्न म्हणून पाहतात. एका मुलीच्या वाट्याला बालपणाची किती वर्षे आली, हाही त्याच वादाचा अर्थ आहे. तो कोणी फारसा विचारात घेत नाही.

आता घरातल्या मुलाकडे वळू. गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांना १८५१ मध्ये झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी नेवाळकर कुळातील वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव यास दत्तक घेतले. त्याचे नाव दामोदरराव ठेवण्यात आले. गेलेल्या मुलाचे नाव आलेल्या मुलाला देणे या एका कृतीत त्या घराचे दुःख आणि आशा दोन्ही सामावलेली आहेत. या मुलावर लोभ असावा आणि त्याच्या आईकडे कारभार राहावा, अशी विनंती गंगाधररावांनी कंपनी सरकारास लिहून केली. ते पत्र राजकीय कागद म्हणून वारंवार वाचले गेले आहे. मरणाच्या दारात असलेल्या बापाने पाच दिवसांवर चौथा वाढदिवस होऊन गेलेल्या मुलाची केलेली ती निरवानिरवही आहे.

कंपनीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. त्या निर्णयातील तर्क साहित्याच्या अभ्यासकानेही समजून घेण्यासारखा आहे. दत्तक मुलगा गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस ठरला, राज्याचा मात्र नाही. म्हणजे तोच मुलगा घरापुरता पुत्र आणि दरबारापुरता परका! पुढे याहून विलक्षण गोष्ट घडली. खासगी पैसा मुलाचा ठरला म्हणून तो सज्ञान होईपर्यंत सरकारने स्वतःकडे ठेवला. मुलाच्या मुंजीची वेळ आली तेव्हा राणीने त्या ठेवीतून एक लाख रुपये मागितले. सरकारने ते दिले, परंतु जामीन घेऊन. मुलाच्याच पैशातून मुलाचीच मुंज करावयाची, आणि त्यासाठी आईने जामीन आणावयाचे! दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या १८९४ च्या चरित्रात हा प्रसंग नोंदलेला आहे. झाशीच्या बंडाची कारणे सांगताना आपण तोफा, काडतुसे, तनखे यांचा हिशेब मांडतो. मुंजीच्या या जामिनाने एका घराच्या मनाला किती खोल घाव झाला असेल, त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावयाचा?

याच १८५४ च्या सुमाराचा दुसरा एक प्रसंग जॉन लँग या वकिलाने १८५९ च्या आपल्या प्रवासवर्णनात सांगितला आहे. राणीने त्यास सल्ल्यासाठी बोलावले होते. राणी पडद्याआड बसली होती आणि बोलणे पडद्यातून चालले होते. मध्येच लहान दामोदररावाने पडदा बाजूस सारला आणि वकिलाला क्षणभर राणीचे दर्शन घडले. हे चुकून झाले की मुद्दाम, अशी शंका लँगने व्यक्त केली आहे. त्या शंकेत त्याच्या काळाचे आणि समाजाचे कुतूहल दिसते. मुलांचा अनुभव असलेल्या कोणाही वाचकास मात्र यात फारसे गूढ वाटणार नाही. आई पडद्याआड कोणाशी तरी बोलते आहे आणि बाहेर कोणी नवखा माणूस बसला आहे, एवढे कारण पडदा ओढायला पुरेसे असते. संस्थानाच्या भवितव्याची चर्चा चालू असता एका मुलाने पडदा ओढला. राणीच्या रूपाचे वर्णन म्हणून हा उतारा शंभरदा उद्धृत झाला. त्यातील मूल मात्र पडदा ओढून पुन्हा इतिहासाआड गेले.

दत्तकाच्या नात्याबद्दल येथे थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण भारतीय साहित्याच्या तुलनात्मक अभ्यासाशी त्याचा निकटचा संबंध आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा रस मानला. त्या रसाचे सर्वश्रेष्ठ आलंबन आपल्या भाषांनी कोणते निवडले? कृष्ण आणि यशोदा. यशोदा ही कृष्णाची जन्मदात्री नव्हे. सूरदासांच्या पदांपासून मराठी गौळणींपर्यंत ज्या मायेवर भारतीय वाणी सर्वाधिक लुब्ध झाली, ती पोटच्या मुलाची माया नसून ओटीत आलेल्या मुलाची माया आहे. झाशीहून ब्रजभूमी फार लांब नाही. ज्या प्रदेशाच्या कानावर ही पदे पिढ्यान् पिढ्या पडली, तेथे 'दत्तक पुत्र राज्यापुरता पुत्र नव्हे' हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने कसेही असो, भावनेच्या भाषेत अनुवादितच होऊ शकत नव्हते.

याचा अर्थ प्रत्येक दत्तकविधानातून माया उपजतेच असा नव्हे. उत्तरेतील मराठी संस्थानांच्या इतिहासात विधवा राणी आणि दत्तक मुलगा ही जोडी पुनःपुन्हा आढळते. दौलतराव शिंद्यांच्या पश्चात बायजाबाईंनी १८२७ मध्ये जनकोजीस दत्तक घेतले. सत्तेवरून दोघांत बेबनाव झाला आणि १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. तेव्हा दत्तक हे नाते कागदावर तयार होते. ते घरात खरे व्हावे लागते. झाशीत ते खरे झाले, हे राणीच्या अखेरच्या चार-पाच वर्षांतील आचरणावरून दिसते. मुलाची मुंज, महालक्ष्मीच्या दर्शनाला त्याला सोबत नेणे, आणि अखेरीस वेढ्यातून निघताना त्याला मागे न ठेवणे, या सर्व गोष्टी एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. पाठीवरचे मूल ही त्या धाग्याची अखेरची गाठ आहे. आपण गाठ तेवढी पाहिली, धागा पाहिला नाही.

हा धागा दिसावा अशा दृष्टीचे गद्य मराठीत आहे आणि ते आपल्या परिचयाचेही आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा तो ग्रंथ. १८८३ च्या सुमारास त्यांनी तो लिहिला, चिंतामण विनायक वैद्यांनी भाषेवर व मजकुरावर संस्कार करून १९०७ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि मूळ हस्तलिखिताला धरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. सत्तावनच्या बंडाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हणून या ग्रंथाची ख्याती आहे आणि ती यथार्थ आहे. परंतु गोडसे भटजी बंड पाहावयास निघाले नव्हते. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, ही वार्ता कानी आली आणि घरचे ऋण फेडावे म्हणून ते चुलत्यांच्या सोबतीने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड आडवे आले. ग्रंथाचा आरंभ घरातून होतो. त्याचा शेवटही घरातच होतो. मिळालेले द्रव्य वाटेत लुटारूंच्या हाती गेले, जीव अनेकदा धोक्यात आला, तरी गंगोदकाची कावड खांद्यावरून आणून त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांच्या प्रवासाची सांगता झाशीच्या पाडावात नव्हे, या स्नानात आहे.

या चौकटीचा ग्रंथातील झाशीच्या वर्णनावर मोठा परिणाम झालेला आहे. गोडसे भटजी राणीकडे पाहतात ते घरच्या माणसाच्या नजरेने. ती केव्हा उठते, व्यायाम कसा करते, स्नान, पूजा, दानधर्म यांचा क्रम काय, दरबारास कोणत्या वेषात बसते, हे ते सांगतात. एखाद्या मोठ्या घरी उतरलेला पाहुणा गावी परतल्यावर ओसरीवर बसून सांगेल तसे. थंडीने कुडकुडणाऱ्या याचकांना राणीने टोपी, अंगरखा, घोंगडी वाटविल्याची गोष्ट त्यांच्या दृष्टीने लढाईइतकीच सांगण्याजोगी आहे. त्यांच्या गद्यात उपदेश नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त मायेच्या प्रत्येक प्रसंगातून संस्कार उमलतो, आणि ते त्या पुस्तकाचे सामर्थ्य आहे. गोडसे भटजींच्या लेखनात माया कोणतीही शिकवण न देता नुसती असते. कुडाला लागून उगवलेल्या तुळशीसारखी, कोणी मुद्दाम न लावलेली. या दोन पद्धतींतील अंतर मराठी गद्याच्या अभ्यासात अधिक स्पष्टपणे मांडले जावयास हवे.

झाशीचे घरगुती जग मराठीपुरतेच राहिले नाही, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांस विशेष महत्त्वाची वाटावी. वृंदावनलाल वर्मा यांच्या 'झाँसी की रानी' या १९४६ च्या हिंदी कादंबरीत हळदीकुंकवाचा समारंभ येतो. मराठी वाड्यातला हा बायकांचा सण कादंबरीकाराने झाशी शहरातील निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांना एकत्र आणणारे अंगण म्हणून योजला आहे. नवऱ्याचे नाव घेण्याचा लाजरा खेळ तेथे रंगतो आणि झलकारी कोरीसारखी स्त्रीही त्यात सामील होते. पुढे रणात राणीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या स्त्रियांची पहिली ओळख कुंकवाच्या बोटाने होते. हा केवळ स्थानिक रंग नव्हे. लढाऊ ऐक्याची बीजे घराच्या उंबऱ्यावर पडलेली असतात, असे येथे सुचविलेले आहे. अमृतलाल नागर यांनी गोडसे भटजींचा प्रवास 'आँखों देखा ग़दर' या नावाने हिंदीत आणला. महाश्वेता देवी यांनी 'झाँसीर रानी' (१९५६) हे आपले पहिले पुस्तक लिहिताना त्या प्रदेशात हिंडून लोकांच्या आठवणी व गाणी गोळा केली, आणि राणीच्या माहेरच्या तांबे घराण्यातील गोविंद चिंतामण तांबे यांचे साहाय्य त्यांना लाभले. एका मराठी घराची आठवण अशा रीतीने बुंदेलखंडी बोलीच्या मुलखातून हिंदीत आणि बंगालीत गेली. भाषांमधील देवाणघेवाण आपण पंथ, छंद, चळवळी यांच्या मार्गाने शोधतो. ती हळदीकुंकवाच्या तबकातूनही होत असते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वाड्यातील मायेचे कौतुक करणे म्हणजे इतिहासाच्या क्रूरतेवर साखर पेरणे नव्हे काय? हा आक्षेप टाळता येणार नाही, आणि झाशीत तर नाहीच. जून १८५७ मध्ये झाशीच्या जोखनबागेत सुमारे साठ युरोपियनांची कत्तल झाली. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यावर इंग्रज फौजेने जो संहार केला त्यात झाशीतील घरेच्या घरे बुडाली. गोडसे भटजी तेव्हा शहरातच लपून होते आणि त्यांनी ते पाहून लिहिले आहे. त्याच महिन्यात मोरोपंत तांबे यांना पकडून फाशी देण्यात आले, ते त्याच जोखनबागेत. ज्या बागेत परक्यांची मुले मारली गेली तेथेच दामोदररावाचे आजोबा फासावर गेले. वीरगाथेला यातील एकच बाजू सोसते. शासकीय अहवालाला दुसरी. घराच्या बाजूने लिहिणाऱ्याला दोन्ही सोसाव्या लागतात, कारण मुलाला पक्ष नसतो. तेव्हा घरगुती माया क्रूरतेवर पांघरूण घालत नाही. क्रूरतेने नेमके काय मोडले हे मोजण्याचे तेच एक माप आपल्यापाशी आहे. ज्याने पडदा ओढणारे मूल पाहिले नाही, त्याला जोखनबाग हा केवळ आकडा वाटेल.

राणीच्या मृत्यूनंतरची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली, तेव्हा मूल पाठीवरून उतरले आणि बहुतेक साहित्यकृतींतूनही उतरले. दामोदररावांच्या म्हणून ज्या आठवणी यशवंत नरसिंह केळकर यांनी प्रसिद्ध केल्या, त्यांच्या अस्सलपणाविषयी दुमत आहे. परंतु त्यांतील चित्र विचारात घेण्याजोगे आहे. काही विश्वासू माणसे, रामचंद्रराव देशमुखांसारखे पालक, पावसाळा आणि रान, गावोगावी नाकारलेला आश्रय, मुलाचे आजारपण, आणि अखेरीस आईची शेवटची खूण असलेली सोन्याची कडी विकण्याची पाळी. १८६० मध्ये हा मुलगा इंदुरास पोहोचला. त्याला तुटपुंजा तनखा मिळाला; लहानपणी जी ठेव त्याची म्हणून मुंजीसाठीही आईच्या हाती सुखासुखी दिली नव्हती, ती पुढे त्याला परत मिळाली नाही. २८ मे १९०६ रोजी दामोदररावांचे निधन झाले. गोडसे भटजींचा ग्रंथ छापून निघाला तो पुढच्याच वर्षी. राणीच्या घराचे एवढे जिवंत वर्णन पुस्तकरूपाने वाचण्यास त्या घरातील मूल राहिले नव्हते.

झाशीतील राणीमहाल आज संग्रहालय आहे. संस्थान खालसा झाल्यावर राणी किल्ल्यातून या वाड्यात राहावयास आली आणि दामोदररावाचे बालपण याच भिंतींत गेले. तेथे आता मध्ययुगीन शिल्पे मांडलेली आहेत. ती सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु घराचे संग्रहालय झाले की घरपण कसे निघून जाते याचे ते उदाहरणही आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासाची स्थिती काहीशी तशीच आहे. आपण 'माझा प्रवास' १८५७ च्या दालनात ठेवला, पारसनीसांचे चरित्र राष्ट्रीय जागृतीच्या दालनात ठेवले, वर्मांची कादंबरी ऐतिहासिक कादंबरीच्या दालनात ठेवली. ज्या घराविषयी ही तिन्ही पुस्तके आहेत, त्याला दालन नाही.

यावर उपाय अवघड नाही. विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या अभ्यासक्रमांत ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, आणि वाचताना प्रश्न बदलावेत. राणी कशी लढली हे विद्यार्थ्यांना ठाऊकच असते. त्या घरात मूल कसे वाढले, कोणत्या भाषेत त्याला हाक मारली जाई, सण कोणते होत, निरोप कसे दिले जात, आणि हे सारे कोणत्या लेखकाला दिसले व कोणाला दिसले नाही, हे विचारावे. अशा वाचनाने राणीची उंची उणावणार नाही. ती ज्यासाठी लढली त्यात राज्य होते तसे हे घरही होते, आणि घर म्हणजे काय हे कळल्याखेरीज त्या लढाईची किंमत कळत नाही. पाठीवर बांधलेल्या त्या मुलाला आता खाली उतरू द्यावे. त्याचे वय साडेआठ आहे. त्याला चालता येते, आणि त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे.